सगळ्यांत हलका शब्द

शिरगावकर संदेश मिठाईचा डबा घेऊन आले, तेव्हाच भालचंद्र मास्तरांनी सावध व्हायला हवं होतं. पण छे! कोणी इंग्रजीची तारीफ केली की हा माणूस हुरळलाच. जन्म कलकत्त्यातला, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर गार्डन रीचच्या गल्लीतल्या कामगारांना फुकट अर्ज लिहून द्यायचे. तरी एका साहेबाने विचारायला यावं ह्याचं त्यांना भारी अप्रूप.

गुरुदत्त शिरगावकर जवळच्याच एका कारखान्यात अधिकारी होते, नागपूरहून बदलून आलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती. कारखान्यात माल उचलायची एक साखळी तुटून कुणाला तरी लागलं होतं आणि वर अहवाल पाठवायचा होता. साखळी तपासायची तारीख टळून दोन महिने झाले होते, ती तपासून घेणं शिरगावकरांचं काम. चूक लिहावी तर लागणार, पण अंगाला चिकटता कामा नये. असा शब्द मास्तरांशिवाय कोण देणार?

मास्तर खुलले. चहा गार होईपर्यंत बोलत राहिले. मिस्टेक नको, तो शाळकरी शब्द. ब्लंडर म्हणजे तर स्वतःच धोंडा पाडून घेणं. लॅप्समध्ये कर्तव्य चुकल्याचा वास येतो. ओव्हरसाइट लिहा. त्यात माणूस दक्षच असतो, कामाच्या व्यापात एवढीच एक गोष्ट नजरेतून सुटते; वाचणाऱ्याला उलट कीव येते. शिरगावकरांनी लगेच दुसरा शब्द मागितला. ती साखळी वापरणाऱ्या कामगारासाठी, जरा जड. मास्तरांनी तोही दिला. ग्रॉस नेग्लिजन्स. म्हणजे धोका दिसत असून ज्याला पर्वाच नाही, असा. वाक्यं स्वतःच्या हाताने घासूनपुसून लिहून दिली. कामगार कोण, त्याचं काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी निबारण आला. खालच्याच गल्लीतला. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज, आतली दोन बोटं गेलेली. त्याने डाव्या हाताने टाइप केलेला कागद पुढे केला. नोकरीवरून काढलं होतं, कारण म्हणून अहवालातला उतारा दिला होता, अपिलाला सात दिवस. साखळीची कडी झिजलीय असं त्याने शिरगावकरसाहेबांना दोनदा सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, काम थांबवू नकोस.

मास्तर वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. स्वल्पविरामसुद्धा त्यांचाच होता. शिरगावकरांची शिसारी आली, त्या गुळगुळीत हसण्याची, संदेश पुढे करणाऱ्या त्या हाताची. नजरेतून सुटलं म्हणे! दोनदा सांगितलेलं? पण ती शिसारी तिथे थांबेना, अंगावरच येऊ लागली. स्वतःच्या अक्षराची, ऐटीत शब्द तोलत बसलेल्या त्या संध्याकाळची त्यांना किळस वाटली.

निबारणने ते दोन शब्द बोटाने दाखवले. कचेरीतल्या बाबूने वाचून दाखवले होते, पण अर्थ सांगितला नव्हता. तो बंगालीत म्हणाला, "मास्टरमोशाय, साहेबांची चूक ह्या शब्दाची आणि माझी त्या शब्दाची. फरक काय दोन्हींत?"

आयुष्यभर ह्याच प्रश्नाला मास्तर तासभर उत्तर देत आले होते. आता त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"फरक फक्त शब्दांचा," ते म्हणाले. "चूक साहेबांचीच होती. शब्द मी दिले."

"दोन्ही?"

"दोन्ही. मला ठाऊक नव्हतं तो तू आहेस. कागद राहू दे इथे, मी आत्ता अपील लिहितो. हे सगळं त्यात लिहितो, माझ्या नावानिशी."

निबारण चिडला नाही. मग त्याने कागद ओढून घेतला आणि एका हाताने घडी घालू लागला. घडी नीट बसेना. मास्तरांनी मदतीला हात पुढे केला, तसा तो मागे सरला.

"मी नसतो, दुसरा कोणी असता, तर चाललं असतं?" त्याने विचारलं.

उत्तराला न थांबता निबारण तसाच चुरगळलेला कागद खिशात कोंबून जिना उतरला. अर्ज फुकट लिहून देणारं दुसरं कोणी त्या गल्लीत नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.