उसनी जीभ

तापातून उठून पहिला चहा तोंडाला लावला आणि तशीच बेसिनकडे धावले. चहाला जळक्या टायरचा वास येत होता. टूथपेस्टला गटाराचा आणि साबणाला सडक्या बटाट्याचा. नाकाचं हे असं, आणि जिभेची दुसरीच तऱ्हा. तिला काहीच कळेना. मीठ, साखर, मिरची, तापाची गोळी, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. दवाखान्यात सांगितलं, येईल परत. कधी विचारलं तर खांदे उडवले.

दुसऱ्या कुणाची जीभ गेली असती तर तिने या निमित्ताने वजन तरी उतरवलं असतं. माझं मात्र सगळं पुढचं आयुष्य त्या जिभेवर टांगलेलं होतं. मी एका बियाणं कंपनीत काम करते. दिवसभर काकडीच्या फुलांची लग्नं लावायची, म्हणजे या वेलीच्या फुलातले पराग त्या वेलीच्या फुलाला लावायचे आणि वर चिठ्ठी बांधायची. संध्याकाळी घरी येऊन ऑनलाइन एम.एस्सी., वनस्पती प्रजनन. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी ठरवला होता, कडू न निघणारी काकडी. त्यासाठी फळ धरेपर्यंत थांबावं लागत नाही. रोप दोन पानांचं असतानाच पानाचा कोपरा चावायचा. कडू लागला तर थुंकायचं आणि रोप उपटायचं, नाही लागला तर ठेवायचं. हे काम करणारी यंत्रं आहेत, पण ती महाग. जीभ फुकट.

आमच्या साहेबांनी प्रकल्पाला परवानगी दिली, जागा दिली नाही. "अभ्यास घरी करायचा असतो," म्हणाले. या माणसाने स्वतः आयुष्यात एक पान चावलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि संध्याकाळी हाताला सॅनिटायझर लावायचं. त्यांनी एवढंच कबूल केलं होतं की पदवी झाली आणि वाण चांगला निघाला तर पैदासकाराची रिकामी जागा माझी. नाही झाली तर त्यांचा भाचा तयारच होता. आयत्या बिळावर नागोबा.

म्हणून रोपांचे ट्रे आमच्या बाल्कनीत आले, आणि ताप उतरला तेव्हा सगळी रोपं नेमकी दोन पानांची होऊन उभी होती. मी एक पान चावलं. पुठ्ठा. दुसरं चावलं. पुठ्ठा. घाबरून दहा-बारा पानं चावली. हिरवा चोथा दातांत अडकला, बाकी काही नाही. पुढची पानं आली की एवढी रोपं बाल्कनीत मावणार नव्हती, आणि साहेबांना सांगावं तर भाचा दारातच.

घरात आम्ही दोघीच. नवरा जहाजावर, सहा महिन्यांनी उगवणारा. सासूबाई सोफ्यावर बसून शेंगा निवडत होत्या. या बाईंच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नात्यात माहीत होतं, पण तिला धार किती आहे हे मलाच ठाऊक. लग्नाला आठ वर्षं झाली, माझ्या एका भाजीला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. मिठाचा एक खडा इकडचा तिकडे झाला तरी त्यांना कळायचा, आणि त्यांना कळला की शेजाऱ्यांना कळायचा.

"आई," मी म्हटलं, "तुमची जीभ मला उसनी हवी आहे."

"आत्तापर्यंत तर नकोशी होती," त्या म्हणाल्या. पण उठल्या.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक ट्रे. त्या पान चावायच्या, कडू लागलं तर बादलीत थुंकायच्या, चूळ भरायच्या, जरा थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "शी! हे पान आहे का विष? थू! हेही तसलंच. अगं, याचा पगार मिळतो तुला?" कडू म्हटलं की मी रोप उपटून बादलीत टाकायची. थुंकी, चोथा, उपटलेली रोपं, सगळं एकाच बादलीत. त्या बादलीची मला इतकी शिसारी यायची की ती रिकामी करताना मी डोळे मिटायची.

अभ्यासाची शिसारी वेगळी. ऑनलाइन वर्गात दर आठवड्याला चर्चेच्या पानावर काहीतरी लिहायचं आणि दोघांच्या लिखाणाला उत्तर द्यायचं, त्यावर गुण. मग एकजण लिहिणार, "खूपच छान मुद्दा मांडलात." दुसरा त्याला लिहिणार, "तुम्हीही खूप छान मांडलात." मुद्दा कुणी वाचलेलाच नसायचा. कॅमेरे बंद, आणि एकदा तर कुणाचं तरी घोरणं पूर्ण तासभर ऐकू आलं. मीही लिहायची, छान मांडलात. लिहिताना स्वतःचीच घाण वाटायची.

त्या दिवसांत एकच गोष्ट सुखाची होती. सासूबाईंची कुरकुर थांबली होती. जेवायला बसल्या की निमूट जेवायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, "छान झालंय." माझ्या तोंडात पुठ्ठा, नाकात टायर, पण कानाला ते गोड लागायचं. मला वाटलं, अखेर आपण जिंकलो.

पानंही गोड निघत होती. शेवटच्या ट्रेंमध्ये तर त्या सारख्याच "नाही कडू, ठेव," म्हणायच्या. मी वेली दोऱ्यांवर चढवल्या. बाल्कनीचे गज दिसेनासे झाले, पिवळी फुलं आली.

नियम असा की या संकरात चार रोपांत एक रोप कडवटपणाशिवाय निघतं, तीन कडू. माझ्या एकूण आकड्यांत बिनकडू रोपं त्याहून पुष्कळ जास्त होती. दुसरी एखादी थांबली असती. मी मात्र हुरळले. एक नवा जनुक असावा, जो कडूपणा झाकतो, असं अकरा पानांचं प्रकरण लिहून काढलं, त्याला नाव देण्याचंही मनात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तोंडी परीक्षा रविवारी दुपारी होती. पडद्यावर प्राध्यापकबाई, चष्मा डोक्यावर, हातात माझा तक्ता.

"तुमचे पहिले तीन ट्रे नियमाप्रमाणे आहेत," त्या म्हणाल्या. "चारात एक. चौथ्यापासून बिनकडू रोपं वाढत जातात. शेवटच्या ट्रेत निम्म्याहून जास्त. बियाणं एकच होतं ना?"

"हो."

"मग एक सांगा, जनुकाला कसं कळलं की हा सातवा ट्रे आहे?"

मी तक्त्यात सातवा ट्रे शोधू लागले. "ट्रे बदलला म्हणून जनुक बदलत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "चाखणारा बदलतो. कुणी चाखलं हे?"

मी मान वळवली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई, तुम्ही कडू असून गोड सांगितलंत?"

"तू उपटत होतीस ना गं," त्या म्हणाल्या. "मी कडू म्हटलं की लगेच. दोन पानांची पोरं ती. माझ्या तोंडातून शब्द निघायचा आणि ती बादलीत. किती दिवस तेच करायचं? मग मी गिळायला लागले."

"गिळायला?"

"थुंकले असते तर तुला कळलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते विष त्या माझ्यासमोर उभं राहून, तोंड वाकडं न करता गिळत होत्या, आणि मी त्या गिळण्यावर अकरा पानी शोध लावला होता. बाईंनी माझ्या तोंडाला चांगली पानं पुसली होती. त्यांचा राग, माझा राग, सगळ्याचीच ओकारी येत होती.

प्राध्यापकबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "ठेवलेली रोपं जिवंत आहेत ना? आठवड्यात पुन्हा चाखून घ्या. चाखणाऱ्याचं नाव लिहा, आणि तुमची जीभ गेली आहे तेही लिहा. परवानगी त्यांची, म्हणून खाली साहेबांची सही."

ते जनुकाचं प्रकरण मी त्याच बैठकीत पुसलं. सोमवारी साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी वाचला, सही केली, हाताला सॅनिटायझर लावलं. "चवच कळत नाही म्हणता? मग त्या जागेचं बघू." आमच्या साहेबांच्या 'बघू'चा अर्थ कंपनीत शिपायालाही ठाऊक आहे. बाहेर भाचा खुर्चीवर गोल गोल फिरत होता. त्या खुर्चीचीसुद्धा मला किळस आली. आता पदवी तरी हातची जाऊ द्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना बाल्कनीत बसवलं, बादली मध्ये ठेवली.

"आधी एक विचारते. खरं सांगायचं. माझं जेवण कसं होतंय?"

त्यांनी वेलीचं एक वाळलेलं पान खुडलं.

"मीठ दोनदा पडतं तुझ्याकडून," त्या म्हणाल्या. "कधी कधी पडतच नाही. ऑम्लेट रोज करपलेलं. दूध नासलेलं होतं दोनदा, तू त्याचा चहा केलास. मागच्या गुरुवारचं सूप मी कुंडीत ओतलं. रिकाम्या, रिकाम्या. रोपांना नाही घातलं."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं तर—"

"इतकी वर्षं तुला चव कळत होती," त्या म्हणाल्या. "आंधळ्याला रांगोळी वाकडी आली म्हणून कोण बोलतं?"

मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाच पुन्हा राग आला. दीड महिना मी या बाईला घाण खाऊ घातली होती आणि जिंकले म्हणून मिरवत होते.

"आई, मला दयामाया नको," मी म्हटलं. "मला तुमची जुनी जीभ हवी आहे. होती तशी, कुजकी."

त्यांनी पदर खोचला. पहिल्या वेलीचं पान तोडलं, चावलं, आणि बादलीत अशा थुंकल्या की माझ्या पायावर शिंतोडे उडाले.

"कडूजहर," त्या म्हणाल्या. वेलीला दोन पिवळी फुलं होती. मी हात पुढे केला.

"थांब." त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. हात तेवढा मागे केला, पुढचं पान घ्यायला.

"आता उपट."