तीनदा बॅटरी

"चोराचा साथीदार हाय, हाणा त्याला," कुणीतरी म्हणालं आणि पहिली काठी बलभीमच्या पाठीत बसली. दुसरी डोक्यात. तो माळावर उताणा पडला, तरी हातातली बॅटरी त्यानं सोडली नाही. त्यामुळं लोक जास्तच चवताळले.

चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात, अशी आवई पंधरा दिवस जळकोटच्या आसपास उठली होती. दिवेलागणीपासून गाव काठ्या घेऊन पहाऱ्याला बसायचं. आज वर एक दिवा सरकत होता आणि खाली तोंडाला पंचा बांधलेला माणूस त्याला बॅटरीनं खुणा करत होता. साप साप म्हणून भुई धोपटायची आपली जुनी खोड; या वेळी भुईच्या जागी बलभीम होता.

बलभीम शाळेतल्या प्रयोगशाळेचा शिपाई. सव्वीस वर्षं तिथली धूळ झाडून छाती धरलेली, म्हणून तो पंचा. आभाळातही एक प्रयोगशाळा फिरते, तिच्यात सात माणसं राहतात, एकमेकांचे केस कापतात आणि शिपाई नाही म्हणून शनिवारी सगळे मिळून झाडलोट करतात, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, तेव्हापासून ती त्याला आपली माणसं वाटायची. ती वरून जायच्या वेळा सरांकडून विचारून घेऊन तो माळावर जाऊन तीनदा बॅटरी लावायचा. त्याचा तो रामराम.

"वर बगा की," तो रक्त थुंकत म्हणाला. "ड्रोन लुकलुकतंय. ह्ये लुकलुकत न्हाय. आत माणसं हायती."

वर कुणीच बघितलं नाही. एकानं धोंडा उचलून त्याच्या तोंडावर घातला. पंचा सुटला आणि धोंडा घालणारा जागीच थिजला. तो बलभीमचा शेजारी रामकिसन होता. भिंतीला भिंत लागून दोघांची घरं.

उमरग्याच्या दवाखान्यात डावा डोळा काढावा लागला. उजव्याचं पट्टी सुटल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

दहाव्या दिवशी बलभीम घरी आला, तसा रामकिसन त्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. बलभीमची बायको उमाबाई त्याला बसा म्हणाली नाही.

"किती वाजलं?" पट्टीआडून बलभीमनं विचारलं.

"सात."

"धा मिनटांत मावळतीकडनं येतंय. तू बग अन् मला सांग."

रामकिसन मावळतीकडं तोंड करून उभा राहिला.

"आलं," रामकिसन म्हणाला.

"लुकलुकतंय?"

रामकिसनला रडू फुटलं. "न्हाय रं."

"मग बॅटरी मार. तीनदा."

गल्लीच्या तोंडाशी पहारा होता. रामकिसननं बॅटरी घेतली. बटण एकदा वाजलं, तसा तिकडं गलका उठला. दुसऱ्यांदा वाजलं, तेव्हा काठ्या आपटत पावलं अंगणाकडं धावत येत होती. बलभीम कान देऊन बसला. मग तिसऱ्यांदा वाजलं.