भेसळ जेवत नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा चावीवाला एका परक्या दाराशी गुडघे टेकून बसला होता. घरमालकीण बाहेर अडकली होती आणि आत गॅसवर दूध होतं. फोनवरच्या बाईनं दोनदा नाव विचारून खात्री करून घेतली, मग सांगितलं. 'साध्या तपासण्या आहेत, दुपारी येते,' म्हणून सकाळी बसनं एकटीच गेलेली त्याची बायको आता येणार नव्हती. त्यानं फोन खिशात ठेवला, कुलूप उघडलं आणि मगच उठला.

"आधी कुलूप उघडलंत?" मेहुणीनं नंतर विचारलं.

"आत दूध उतू जात होतं."

एवढंच तो बोलला. हे घरोघरी झालं. बायको गेल्याचं कळल्यावर हा म्हणे कुलूप उघडत बसला. कुणाला काही समजावत बसायचं नाही, हे त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

घरात एक कुत्री होती. तिचं नाव भेसळ. हे नाव त्यानंच ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोनं ते पिल्लू वाळूच्या ढिगाऱ्यातून उचलून आणलं तेव्हा त्यानं ते चारी बाजूंनी बघितलं. कान शिकारी कुत्र्याचे, पाय बुटके, शेपूट कोल्ह्याचं चोरून आणल्यासारखं.

"काय काय मिसळलंय हिच्यात! हिला काय शिकवणार तू? डोकं तरी एका जातीचं आहे का?"

"तुम्हाला सुधारलं मी," बायको म्हणाली होती. "ही तर शहाणी दिसतेय."

तर बायको गेली त्या दिवशी संध्याकाळी मेहुणीनं भात आणि उकडलेलं अंडं कालवून भेसळीपुढे ठेवलं. भेसळ भांड्यापासून हातभर लांब बसली. लाळेची तार पार फरशीला टेकली, पण तिनं भांड्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

बातमी जिन्यानं खाली गेली आणि माणसं घेऊन वर आली. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. बाईंनी भेसळीचा फोटो काढला, रुमालानं डोळे पुसले.

"मुक्या जनावराला कळतं हो," त्या म्हणाल्या. त्यांची नजर ओट्यावरच्या खरकट्या ताटलीकडे गेली. चावीवाल्यानं सकाळीच ओट्याशी उभ्यानं दोन अंडी खाल्ली होती. "माणसं मात्र..."

"माणसं मात्र जेवतात," त्यानं वाक्य पुरं केलं. "भूक लागली की."

बाई ताडकन उठल्या. जाताना भेसळीच्या डोक्यावरून मात्र हात फिरवून गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो इमारतीच्या मागच्या अंगाला गेला तर कचऱ्याचे तीन डबे आडवे आणि मधल्यात भेसळ, कमरेपर्यंत आत. बाहेर आली तेव्हा तोंडात माशाचं डोकं होतं आणि मुद्रा अगदी प्रसन्न. चावीवाला उभ्या उभ्या हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

"वा गं सती सावित्री," तो म्हणाला. "आणि तिकडे बाई तुझ्या नावानं रडतायत."

इमारतीच्या सेक्रेटरींना हसू आलं नाही. कचरा सगळीकडे पसरला होता. रविवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर कुत्री जाईल, असा कागद त्यांनी दारावर चिकटवला.

तो भेसळीला जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. तिनं ओठ उचलून दात पाहिले, पोट दाबलं.

"तब्येत ठणठणीत आहे. ही खायला नको म्हणत नाहीये, काका. थांबलीये. परवानगीशिवाय भांड्याला तोंड लावायचं नाही, हे कुणीतरी फार चिकाटीनं शिकवलंय. सोडायची खूण काय?"

"खूण?"

"एखादा शब्द, टाळी, चुटकी. काकू जेवायला घालताना काय करायच्या?"

त्याला माहीत नव्हतं. तो सकाळी सातला दुकान उघडायचा, दुपारी तिथंच काहीतरी खायचा, रात्री नऊला परत येऊन ओट्याशी उभ्यानं गिळायचा. घरात दोन वर्षं रोज दोनदा घडणारी गोष्ट त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

तो कामाला लागला. खा. घे. जेव. हं. सोन्या. चुटकी, टाळी, शीळ. भांड्यावर चमच्यानं टकटक. भेसळ मान तिरकी करून सगळं नीट ऐकायची, एखाद्या भ्रमिष्टाचं ऐकावं तसं, आणि जागची हलायची नाही. भांडं मागच्या अंगणात नेऊन ठेवलं तर तिथंही बसून राहिली.

"भावोजी, खाली फरशीवर टाका ना दोन घास," मेहुणी म्हणाली. "खालचं खाते ती."

"नाही."

"अहो, जीव जाईल तिचा!"

"सगळ्या इमारतीचे डबे खाऊन जीव जातोय होय? तुझ्या ताईनं दोन वर्षं राबून बसवलंय हे. मी चार दिवसांत मोडणार नाही. कुलूप फोडता कुणालाही येतं."

रविवारी लेक आली, सोबत सोडून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या प्राणिगृहातला माणूस घेऊन. त्याच्या हातात पट्टा होता. पाठोपाठ सेक्रेटरी आले, आणि काय होतंय ते बघायला बाई. भेसळ तिच्या जागी, भरल्या भांड्यासमोर बसली होती.

"बाबा, तिथं मोकळी जागा आहे, इतर कुत्री आहेत," लेक म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे चला. एकट्यानं काय करणार इथं?"

"जे करतोय ते."

"ती उपाशी बसलीये! तुम्हाला बघवतं तरी कसं? आई काय म्हणायची हिला, तेही तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही ठाऊक. शोधतोय."

"दुःखानं झुरतंय ते लेकरू," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही..."

चावीवाल्याच्या डोक्यातच गेलं. त्यानं ताट काढलं, त्यात भात वाढला, दोन अंडी फोडून ठेवली, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसला. सगळ्यांच्या समोर.

"मी जेवतोय," तो म्हणाला. "नीट बघून घ्या, म्हणजे खाली जाऊन सांगताना चुकायला नको. माझी बायको गेली आणि मला भूक लागते. ही कुत्री कुठंही जाणार नाही. आणि दुःख कुणाचं मोठं, याची परीक्षा मी देणार नाही."

त्यानं पहिला घास तोंडात घातला.

भेसळ उठली आणि भांड्यात तोंड घालून मचमच खाऊ लागली. भांडं फरशीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन लागलं, तरी ती थांबली नाही.

त्याचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे आई हिच्याबरोबर जेवायची," लेक हळूच म्हणाली. "ती बसून पहिला घास घेत असणार, मग ही."

त्यानं मान हलवली. त्याला खुणेपेक्षा दुसरंच काहीतरी कळलं होतं. दोन वर्षं बायको दोन्ही वेळा टेबलाशी बसून जेवली, आणि सोबतीला ही होती. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. ताटातलं सगळं संपवलं.

मग प्राणिगृहवाल्याला म्हणाला, "दादा, पट्टा चांगला आहे. परत न्या."

"आणि डब्यांचं काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पोट भरलेलं असेल तर जाणार नाही. गेली तर झाडू माझ्याकडे आहे. तुमचा कागद काढून न्या, दाराचा रंग जाईल."

"बाबा," लेक म्हणाली, "म्हणजे रोज दोनदा घरी येऊन बसून जेवावं लागेल तुम्हाला."

"येईन."

"आणि दुकान?"

"दुकानाला कुलूप लावता येतं मला."

लेकीला हसू फुटलं, त्यातच रडूही आलं. तिनंही ताट घेतलं. बाई मात्र जिन्यात कुणालातरी सांगत होत्या की माणूस तसा उर्मटच.

आता तो सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला टेबलाशी बसतो. भूक असो वा नसो, पहिला घास घेतो. भेसळ खाते. डबे उभे आहेत. एकदाच एक आडवा झाला होता, तो त्यानं झाडून काढला.

दारावरची बेल वाजली की भुंकायचं नाही, हे तिला शिकवायला बायकोनं मागच्याच महिन्यात घेतलं होतं. बेल वाजली की भेसळ अजून भुंकते. ते शिकवायचं राहिलंय.