सियांगोंबेची पवित्र जमीन

“पवित्र करताना अख्ख्या कुंपणाला फेरी मारली होतीत, बाबा. आता काय, उलटी फेरी मारणार?” मुतिंताने विचारले.

ट्रकमध्ये चढून बसलेली माणसे हसली. आर्चबिशप थॉर्नलीही हसले. “फेरी नाही. फक्त एक कागद वाचायचा.”

“मग नका वाचू.”

खालच्या घळीत सरकारचे धरण पुरे होत आले होते. पावसाळ्यानंतर झांबेझी नदीचे पाणी सियांगोंबे गावावर चढणार होते. माणसे, शेळ्या, दळायचे दगड वर डोंगरावर हलवायला ट्रक लागले होते. मातीच्या भिंतींचे चर्च आणि त्यामागची दफनभूमी मागे राहणार होती. चर्चच्या नियमाप्रमाणे पवित्र केलेली जमीन अशीच सोडता येत नाही. बिशपने स्वतः येऊन तिचे पावित्र्य काढून घ्यावे लागते. थॉर्नली त्यासाठी आले होते.

ती पवित्र केली होती त्यांनीच, नवे बिशप असताना. त्याच वर्षी मुतिंताचा एकुलता एक मुलगा सिमोन तापाने गेला. इथली माणसे आपले मूल घराजवळच पुरत. थॉर्नलींनी तिला समजावले होते, “इथे दे त्याला. शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत त्याला कुणी हलवणार नाही.” तिने दिले. सासरच्यांनी तिच्याशी बोलणे टाकले, नवऱ्याने दुसरी केली.

“त्याला घेऊन जाते मी,” मुतिंता म्हणाली. “हाडं ती केवढी असणार? मांडीवर मावतील. तुम्ही नुसतं विचारा.”

“विचारलं मी.”

“ड्रायव्हरला?”

“गव्हर्नरसाहेबांना. ते नाही म्हणाले. एकाला परवानगी दिली तर गावोगाव उकरायला लागतील, म्हणाले.”

“म्हणजे बाबांनासुद्धा कुणी नाही म्हणतं?” ट्रकमधून म्हातारा सियाम्विंडे ओरडला. “आधी कळलं असतं तर मीही एकदा म्हणून पाहिलं असतं!”

या वेळी थॉर्नली हसले नाहीत. गव्हर्नरांचा नकार ऐकून ते रागाने उठून गेले नव्हते. चहा संपवून, आभार मानून निघाले होते.

“तुम्ही वाचलं नाही तर काय होईल?” मुतिंताने विचारले.

“पवित्र जमिनीवर पाणी येईल.”

“आणि वाचलं तर?”

“साध्या जमिनीवर.”

“पाणी तेच ना? मग राहू द्या की त्याला पवित्र जमिनीत.”

आयुष्यभर थॉर्नलींनी नियम मोडला नव्हता. हा एक मोडला, तर आजवर इतरांना पाळायला लावलेल्या नियमांचे काय करायचे, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी चष्मा लावला आणि कागद उघडला.

कागद इंग्रजीत होता. ते एकेक वाक्य वाचत होते आणि गावचा धर्मशिक्षक मुन्साका ते गावच्या भाषेत सांगत होता. ‘यापुढे ही जमीन इतर कुठल्याही जमिनीसारखी’ इथे तो थांबला. थॉर्नलींनी वाक्य पुन्हा वाचले. मुन्साकाने ते खाली बघत सांगून टाकले.

मुतिंता आपल्या रिकाम्या झोपडीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ज्वारीच्या दारूने भरलेला भोपळा होता. मुलाच्या थडग्यापाशी ती गुडघ्यांवर बसली.

“मावशी, इथं नाही!” मुन्साका धावला. “बाबा उभे आहेत!”

“असू देत. इतर जमिनीसारखी आहे ना आता? तूच तर सांगितलंस.”

तिने पूर्वजांना वाहतात तशी दारूची धार मातीवर धरली. मुलाला तिने सिमोन म्हटले नाही. आजीने ठेवलेल्या नावाने हाक मारली.

“लुयांडो, आम्ही वर चाललोय. डोंगराच्या पलीकडं. तिथं नदी नाही रे. तुला वाट सापडायची नाही, म्हणून सांगून ठेवते.”

भोपळा रिकामा होईपर्यंत ती वाट सांगत होती. कुठल्या झाडापाशी वळायचे, कुठल्या ओढ्याला पाणी नसते.

थॉर्नलींनी आशीर्वादासाठी हात उचलला. तो कुणाला द्यायचा हे न कळून तसाच धरून राहिले.

ड्रायव्हरला ती निघायची खूण वाटली. त्याने ट्रक सुरू केला.