पाचांतले तीन

हेल्काला ओस्मोनं पाचांतले तीन गुण दिले आणि आपण तिचा जाहीर सत्कारच केला, अशा समजुतीत तो घरी गेला.

ओस्मो तिचा मार्गदर्शक. सरोवरावरचा बर्फ वसंतात कसा फुटतो, हा तिचा विषय. सगळे हिवाळे तिनं जाडी मोजायला बर्फाला भोकं पाडण्यात घालवलेले. प्रबंध पुरा व्हायला शेवटचं एक वर्ष हवं होतं आणि ते मिळणार की नाही, हे नव्या मूल्यमापनावर ठरणार होतं.

पूर्वी आमच्याकडे संशोधकाची प्रगती मोजायची रीत सोपी होती. मार्गदर्शक कॉफी पिता पिता विचारायचा, "चाललंय ना?" विद्यार्थी म्हणायचा, "चाललंय." झालं वर्षाचं काम. मग हेलसिंकीहून सल्लागार आले आणि त्यांच्यामागून गुण आले. मार्गदर्शकानं द्यायचे, बाहेरच्या परीक्षकानं द्यायचे आणि विद्यार्थ्यानं स्वतःलाही द्यायचे. सरासरी चारच्या खाली गेली की नेमणूक संपली. बाहेरचा परीक्षक म्हणून मला धरून आणलं होतं, कारण निवृत्त माणूस नुसत्या कॉफीवर येतो.

निकाल पाहून कचेरीतल्या रित्वानं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. मध्ये वेलदोड्याचे गोड पाव ठेवले आणि कपाळावर हात मारला.

"ओस्मो, तीन?"

"तीन," ओस्मो ताठ बसून म्हणाला.

"का पण?"

"काम उत्तम आहे म्हणून."

"मग पाच दे ना बाबा!"

"पाच कुणी देतं का? माझा प्रबंध माझ्या मार्गदर्शकाकडे दिला, तर 'वाचला' एवढंच म्हणाला होता. आठवडाभर मी हवेत होतो."

रित्वा हेल्काकडे वळली. "आणि तू गं? स्वतःला दोन?"

"तीन दिले असते तर सगळे म्हणाले असते, हिला काय शिंगं फुटली?"

"अगं, तुझं अख्खं वर्ष हातचं चाललंय!"

"माहितीय." हेल्काचा आवाज पहिल्यांदाच हलला. "बर्फ फुटतानाची शेवटची मोजणी राहिलीय. ती हुकली तर आधीची सगळी भोकं फुकट."

मग रित्वानं माझ्याकडे पाहिलं. "तू तरी शहाणा असशील वाटलं होतं."

मीही तीनच दिले होते. उभ्या नोकरीत मी कुणाला दिलेला तो सर्वांत मोठा आकडा होता.

"गुण बदलता येतात," रित्वा म्हणाली, "पण कारण सांगावं लागतं. तोंडानं. विद्यार्थ्यासमोर."

ओस्मोनं कॉफी ओतली. प्यायला. परत ओतली.

"समोरच?"

"समोरच."

"ती जरा बाहेर उभी राहिली तर?"

"ओस्मो!"

शेवटी तो समोरच्या पावाला उद्देशून म्हणाला, "हिनं मोजलेली जाडी मी परत मोजत नाही."

हेल्का कानापर्यंत लाल झाली. "तू तर सगळ्यांचं परत मोजतोस."

"तुझं नाही. गेल्या वसंतात तुझ्या आकड्यांच्या भरवशावर मी गोठलेल्या सरोवरावरून मोटार नेली." कपाकडे बघत तो म्हणाला, "बायको शेजारी होती."

आमच्याकडे एवढं कौतुक लग्नात नवरीचंही होत नाही. हेल्का उगीचच पावावरची साखर टिपत बसली.

"चार लिहू?" रित्वानं हळूच विचारलं.

"लिही. पण बाहेर बोलू नकोस."

हेल्कानं स्वतःचे दोनाचे तीन केले. "ओस्मोनं आधी दिले होते तेवढेच. वर कणभर नाही. कारण त्याला विचार."

रित्वानं बेरीज केली आणि तिघंही माझ्याकडे बघू लागले. चार आणि तीन. सरासरी चारवर न्यायची तर माझ्याकडून पाचच हवे होते.

"निवृत्त झालो म्हणून काय मला अब्रू नाही?" मी म्हणालो.

"कारण सांग," रित्वानं पेन उचललं.

मी हेल्काकडे पाहिलं. ती पावाकडे पाहत होती.

"ओस्मो बुडाला नाही," मी म्हणालो. "त्याची बायकोही. पाच."

हेल्काला वर्ष मिळालं. बर्फ मऊ पडायला लागला, तशी ती गिरमिट खांद्यावर टाकून सरोवराकडे गेलीसुद्धा. ओस्मोनं मात्र मला जिन्यात गाठलं. "पाच?" तो म्हणाला. "काही लाज?" आणि त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. हे माझ्या लक्षात यायला जून उजाडला, कारण तो आधीही फारसं बोलत नव्हता.