ताईचा ठिपका

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला विचारा. पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला, एका वाळवंटातल्या डोंगरावर एक दुर्बीण आहे. ती आम्ही तासांच्या हिशेबानं भाड्यानं घेतो आणि इंटरनेटवरून चालवतो. तिथली रात्र म्हणजे इथला दिवस, त्यामुळे ती चालवायची माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून, गिऱ्हाइकं सांभाळत. आणि मला चालवते माझी ताई, दोन गल्ल्या पलीकडून, फोनवरून, एका डोळ्यावर ढापण लावून. यात शेळी कोण, हे वेगळं सांगायला नको.

ताई पाणीपुरवठा खात्याच्या संगणक विभागात होती. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांमध्ये झाडं लावतात, नातवंडांना शाळेत सोडतात. ताईनं पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवर पाळत ठेवायचं मनावर घेतलं आणि मला जोडीला घेतलं. विचारलं नाही, घेतलं. हे दगड एकदा सापडले म्हणून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा मोजावे लागतात, नाहीतर कुठे गेले आणि परत कधी येणार, याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी ताईनं स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलंय. आज कोणता दगड बघायचा, तो आभाळात कुठे असेल, फोटो किती वेळ घ्यायचा, हे सगळं ते ठरवतं. शिवाय फोटोतला प्रत्येक हलता ठिपका जगाला माहीत असलेल्या लघुग्रहांशी ताडून त्याचं नावही सांगतं. आम्ही त्याला कारभारी म्हणतो. माझा नवरा म्हणतो, चला, या घरात निदान कोणीतरी कारभारी आहे.

गेल्या आठवड्यात कारभाऱ्याला एका ठिपक्याचं नाव सांगता आलं नाही. तीन फोटोंमध्ये भराभर सरकणारा, जवळचा, आणि कुणाच्याच यादीत न बसणारा. ताईनं दिवसभर उलटसुलट तपासलं आणि जगभरच्या नोंदी जिथे जमा होतात त्या केंद्राला कळवून टाकलं. शोधणारी म्हणून नाव लावलं ते एकटीचं. मी म्हटलं, अगं, फोटो मी घेतलेत.

"फोटो तू घेतलेस, ठिपका मी पाहिला," ती म्हणाली.

विषय संपला. लहानपणी पतंगाची फिरकी धरायला मी आणि उडवायला ती, तेव्हापासून आमची ही वाटणी ठरलेली आहे.

पण केंद्र असं एका रात्रीच्या मोजमापावर विश्वास ठेवत नाही. नवा ठिपका पुन्हा दिसला पाहिजे, आम्हाला नाहीतर जगात दुसऱ्या कुणाला तरी. थोडे दिवस वाट बघतात आणि नाहीच दिसला तर काढून टाकतात. आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर स्क्रीनकडे बघायचं नाही. दुसरा डोळा आधीच अधू, त्यामुळे तिला ऐकावं लागलं. डॉक्टर भुलीचे थेंब घालत असताना तिनं त्यांनाही बजावलं म्हणे, की जरा जपून, या डोळ्यानं लघुग्रह शोधलाय.

तिनं हे डॉक्टरांनाच नाही, सगळ्यांना सांगितलं. खालच्या शिंप्याला, शेजारच्या बाईंना, औषधाच्या दुकानातल्या मुलीला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्याची बिलं छापणाऱ्या माझ्या बहिणीला आभाळात स्वतःचं असं काहीतरी सापडलं होतं, आणि ते टिकवायची जबाबदारी होती माझ्यावर.

पहिल्या दिवशी त्या डोंगरावर ढग. दुसऱ्या दिवशी वारा, म्हणून दुर्बिणीच्या राखणदारानं घुमट उघडलाच नाही. त्यानंतर आभाळ लख्ख, दुर्बीण तयार, कारभाऱ्यानं सांगितलेल्या जागी मी फोटोमागून फोटो घेतले. तारेच तारे, पण ठिपका नाही. पुन्हा घेतले, तरी नाही. ताईचा फोन. फोकस नीट केलास का. केला. घड्याळ तपासलंस का. तपासलं. घाई केली असशील. नाही केली. मग दिसत कसा नाही? मला काय माहीत, मी काय तो खिशात घालून बसलेय?

कहर म्हणजे जगातल्या दुसऱ्या दोघाचौघांनीही बघितलं आणि केंद्राकडे कळवलं, काही दिसलं नाही. हे ताईला सांगितल्यावर ती म्हणाली की त्यांच्या दुर्बिणी लहान असतील. माझी मोठी आहे तर मला का नाही दिसत, असं मी विचारलं, तर म्हणाली, तेच तर मी विचारतेय. माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले. त्यात चंद्र रोज फुगत चालला होता. त्याच्या उजेडात असले फिके ठिपके बुडून जातात. कारभाऱ्यानं सरळ लिहिलं की आज शेवटचा दिवस, नंतर विसरा.

त्या शेवटच्या दिवशी दुकानात एक बसचालक आला होता, दूरच्या चष्म्यासाठी. मागच्या खोलीत फोटो उतरत होते, खिशात ताईचा फोन थरथरत होता आणि मी त्याला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते. कुठला डोळा जोरकस आहे ते बघायला आम्ही एक साधी युक्ती करतो. हात लांब करायचा, अंगठा समोरच्या अक्षरावर धरायचा आणि एकेक डोळा मिटून बघायचं.

"अंगठा उडी मारतोय," बसचालक म्हणाला. "अक्षर जागेवरच आहे."

"अंगठा जवळ आहे ना, म्हणून," मी म्हटलं. "लांबच्याला फरक पडत नाही, कुठल्याही डोळ्यानं बघा."

हे वाक्य मी रोज म्हणते. दुकान उघडल्यापासून म्हणत आलेय. पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि मी हातातली काच तशीच धरून उभी राहिले. दोन डोळे. दोन डोंगर.

गेल्या महिन्यापर्यंत आमची दुर्बीण वेगळी होती. ती बंद झाली म्हणून आम्ही त्याच वाळवंटातली, पण शेकडो मैल लांबच्या डोंगरावरची ही दुसरी घेतली. कारभाऱ्यात तिची माहिती भरली ताईनं. मोजमापाच्या पानाला मी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक आहे. बसचालकाला म्हटलं, बसा, आलेच. नवऱ्याला पुढे उभं केलं, मागे गेले आणि ते पान उघडलं.

नव्या आरशाचा आकार भरलेला. नवा कॅमेरा भरलेला. नव्या राखणदाराचा नंबरसुद्धा भरलेला. जागेच्या रकान्यात मात्र जुनाच डोंगर.

महिनाभर काही बिघडलं नव्हतं, कारण महिनाभर आम्ही मोजलेले दगड तेव्हा लांब होते. लांबचे बिचारे कुठूनही बघा, जागच्या जागी असतात. त्रास देतात ते जवळचे. ताईचा ठिपका जवळचा होता. पाहिला होता एका डोंगरावरून आणि जगाला सांगितलं होतं दुसऱ्याच डोंगरावरून पाहिला म्हणून. म्हणजे आम्हीच चुकीचा पत्ता दिला होता आणि त्या पत्त्यावर आम्ही आणि चार देशांतले भले लोक दिवसचे दिवस दार ठोठावत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला नाचावंसं वाटलं. खरं सांगते, ताईची चूक सापडली याचा आनंद आधी झाला आणि ठिपका सापडणार याचा मागाहून. जागा बदलली. त्या पहिल्या रात्रीचे तीन फोटो पुन्हा कारभाऱ्याला दिले, म्हणजे तो खरा मार्ग काढेल आणि आज कुठे बघायचं ते सांगेल.

कारभाऱ्यानं ठिपक्याचं नाव सांगितलं.

कुणाचं नाव असावं तसं नाव नाही, चार आकडे आणि दोन अक्षरं. कुणालातरी पूर्वीच सापडलेला, कितीदा तरी मोजलेला, ठरल्या वाटेनं ठरल्या वेळी निघालेला एक जुना दगड. आमच्या चुकीच्या डोंगरामुळे त्याची जागा यादीशी जुळली नव्हती, म्हणून तो नवा वाटला होता. तेवढंच त्याचं नवेपण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तरी दुर्बीण वळवली. तिथे उजाडायला आलं होतं. फोटो उतरला आणि बरोबर मधोमध तो होता, इतके दिवस आमची वाट बघत बसल्यासारखा. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात बसचालकानं आत डोकावून विचारलं की फ्रेम निळी घेऊ की काळी. मी न बघताच काळी म्हटलं.

दुपारी दुकान नवऱ्यावर सोडून ताईकडे निघाले. तिला फोनवर सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवलाय, तिथल्या फळीवरून तोल सांभाळत जाताना मी वाक्यं जुळवत होते. खरं तर सगळ्यात सोपं वाक्य तयारच होतं. ढग होते. बस. ढगांना कोण विचारायला जातंय? केंद्र ठिपका काढून टाकेल, मी कारभाऱ्यातली जागा गुपचूप सुधारून ठेवीन, आणि ताईचा लघुग्रह हरवलेला का होईना, ताईचाच राहील. आता धाकटीच्या हलगर्जीपणामुळे हरवला, असं ती मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेल, ते वेगळं. ते आठवलं आणि डोकं पुन्हा तापलं. चूक करणार ती, लपवणार मी आणि बोलणी खाणार तीही मीच?

जिन्याखाली शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "सापडला का ताईंचा ग्रह?"

मी हो म्हटलं. खोटं तर नव्हतं. त्याचा चेहरा इतका फुलला की मला जिना चढवेना.

ताई खिडकीपासून लांब, भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. माझी चाहूल लागल्यावर ती माझ्यासाठी पाणी ओतायला उठली आणि एका डोळ्याच्या अंदाजानं अर्धं पाणी पेल्याबाहेर ओतलं. मी फडकं घेऊन टेबल पुसलं. ती नेहमीसारखी फैलावर घेईल असं वाटलं होतं, पण तिनं हळूच विचारलं, "ढग होते ना?"

तिनंच दार उघडून दिलं होतं. मी फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. मग म्हटलं, "नव्हते. लख्ख होतं. तो दिसला, ताई."

ती मटकन खुर्चीत बसली आणि हसली. तसं हसताना तिला मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मला त्या हसण्यावरच पुढचं सगळं बोलावं लागलं. जुना डोंगर, नवा डोंगर, चार आकडे, दोन अक्षरं. अंगठा धरून दाखवणार होते, पण तिला एकच डोळा होता.

आधी ती भांडली. नवी दुर्बीण घ्यायची घाई तूच केलीस, म्हणाली. केली, म्हटलं, पण जागा तू भरलीस. मग तिनं तो रकाना नेमका कुठे आहे ते विचारलं, मी सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो आला असावा. पेल्यातलं पाणी तिनं एका दमात पिऊन टाकलं.

"मी किती जणांना सांगितलं गं," ती म्हणाली.

मला तिचा राग येत होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं. यातलं काहीच न करता मी कामाचं बोलले. केंद्राला आजच दुरुस्ती पाठवायला हवी, महिनाभराची सगळी मोजमापं चुकीच्या जागेच्या नावानं गेलीत, हेही कळवायला हवं. तिथे ते जगजाहीर होणार. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी लिहिते, आमच्याकडून चूक झाली म्हणून. खाली दोघींची नावं घालते.

"दोघींची कशाला?" ताईची मान ताठ झाली. "ठिपक्यावर माझं एकटीचं होतं, तर चुकीवरही एकटीचंच घाल."

मी म्हटलं, अगं, जोडीनं काम करतो आपण, फोटो सगळे मी घेतले, मलाही कळायला हवं होतं. ती ऐकेना. माझा आवाज चढला. तिचाही चढला. शेवटी मी तिच्या टेबलाशी बसून तिच्या संगणकावर ते टाइप केलं. तिनं स्क्रीनकडे पाठ करून ते दोनदा वाचून घेतलं आणि एका ठिकाणी शब्द बदलायला लावला. खाली एकटीचं नाव. पाठवल्याचा आवाज आला तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, उद्याचा पहिला दगड कोणता आहे ते बघून ठेव, आणि जागा तपास.

मी जिना उतरले तेव्हा नाक पुसत होते. शिंप्यानं विचारलं, काय झालं. काय सांगणार? चुकीतसुद्धा वाटा दिला नाही बाईनं.