अध्यक्षांना कळलेली चिप

काशीराम रामाणे यांनी आयुष्यात इतक्या सभांचं अध्यक्षपद भूषवलं होतं, की रिकामी खुर्ची दिसली तरी त्यांचा हात आपसूक खांद्यावरची शाल सारखी करायला जायचा. आज खांद्यावर शाल नव्हती. खुर्ची होती, ग्रामपंचायतीच्या संगणकासमोरची. आणि तिच्यात बसून काशीरामना घाम फुटला होता.

पडद्यावर एका चौकटीत मुंबईचे पेटंट अधिकारी होते आणि दुसऱ्या चौकटीत कंपनीचे वकील. खोलीच्या कोपऱ्यात बाकावर पुतणी ज्ञानेश्वरी ओढणीचं टोक पिळत बसली होती. खिडकीबाहेर झाडून सगळी वाडी उभी होती. काका शपथेवर बोलणार म्हणजे भाषणच, अशी वाडीची समजूत.

भानगड अशी होती. संगणकाची नेहमीची मेमरी वीज गेली की सगळं विसरते. न विसरणारी मेमरी करायची म्हणून एक बडी परदेशी कंपनी चुंबकाच्या वाटेने निघाली होती. ज्ञानेश्वरीने आणि तिच्या दोघा मित्रांनी पुण्यात दुसरीच वाट काढली. चिपच्या दोन थरांमध्ये तिसरा एक पातळ थर घालायचा, आणि विजेने दिलेली आठवण त्याने धरून ठेवायची. तिने पेटंटचा अर्ज केला. कंपनीने लगेच हरकत घेतली: अर्जाआधीच या बाईंनी ही रचना चारचौघांत सांगून टाकली आहे, आणि सांगून टाकलेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही.

चारचौघं म्हणजे वाडीच. अर्ज जूनमध्ये जायचा होता, पण वाडीने सत्कार मे महिन्यातच उरकला. जूनमध्ये चाकरमानी मुंबईला परत जातात, मग मांडव भरणार कोणाच्या जिवावर? त्या सत्काराची बातमी वकिलांनी पडद्यावर धरली.

"‘ज्ञानेश्वरीने चिपची संपूर्ण रचना इतक्या सोप्या भाषेत उलगडली, की माझ्यासारख्यालाही सगळं कळलं.’ रामाणेसाहेब, हे अध्यक्षीय भाषण आपलंच ना?"

"माझंच."

"आपल्यासारखा जाणता माणूस व्यासपीठावरून उगाच काही बोलणार नाही."

"काका उगाच कधी बोलत नाय!" खिडकीतून महिपत ओरडला. तो कायमचा उपाध्यक्ष होता.

"बाहेरच्यांनी शांत राहावं," अधिकारी म्हणाले.

काशीरामनी कोपऱ्यात पाहिलं. सकाळीच ज्ञानेश्वरी त्यांना म्हणाली होती, "काका, मी फक्त मेमरी विसरते कशी तेवढंच सांगितलं होतं. मधल्या थराचं तर नावही काढलं नाही. तुम्ही समोरच होतात. आठवतंय तेवढं सांगा. पेटंट गेलं तर आमचा बाजार उठला." काका "बरं" म्हणाले होते. अडचण एवढीच होती, की आठवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"तिने रचना नाही सांगितली," काशीराम म्हणाले.

"मग काय सांगितलं?"

"चिपबद्दल सांगितलं."

"चिपबद्दल काय?"

"चांगलंच सांगितलं."

वकील हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "रामाणेसाहेब, दोनपैकी एक वाक्य खोटं आहे. आज पुतणीसाठी खोटं बोलताय, की त्या दिवशी वाडीसमोर खोटं बोललात?"

ज्ञानेश्वरीच्या हातातली ओढणी थांबली. खिडकीत एकही माणूस हलत नव्हता. काशीरामना सगळी तोंडं दिसत होती. याच तोंडांसमोर ते इतकी वर्षं उभे राहिले होते.

"त्या दिवशी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी ऐकतच नव्हतो. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी बोलतो, साहेब. तोवर तो मनात आपलं भाषण जुळवत असतो. ते वाक्य माझं ठरलेलं आहे. पालीला गुरांच्या डॉक्टरांचा सत्कार झाला, तिथे हेच बोललो. लांज्याला काजू फोडायच्या मशीनचं उद्घाटन होतं, तिथेही बोललो. त्या मशीनवाल्याने तर तोंडच उघडलं नव्हतं. घसा बसला होता त्याचा."

"याला पुरावा?"

"तुमच्या हातात पेपर आहे, त्याचेच जुने अंक काढा. दर वेळी छापतात बिचारे."

अधिकाऱ्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. ती मान जरा जास्तच खाली होती.

"मांडवात इतर श्रोतेही होते," वकील चिवटपणे म्हणाले.

"माझं सगळं लक्ष चुलीवरच्या भाताकडे!" मथुराकाकू बाहेरून म्हणाल्या. मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. कोणी पंखा शोधत होतं, कोणी गाडीची वेळ बघत होतं. शेवटी महिपत उरला. काकांची अध्यक्षपदाची खुर्ची आता त्याच्या हाताशी आली होती; ‘मी ऐकलं’ म्हणायचाच अवकाश. त्याने घसा खाकरला.

"मी पण नाय ऐकलं. मला वाटलं, काका ऐकतायत."

अधिकाऱ्यांनी वकिलांना विचारलं, या बातमीशिवाय दुसरं काही? नव्हतं. "मग सत्काराचा मुद्दा मी धरत नाही," ते म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

बाहेर टाळ्या पडल्या. ज्ञानेश्वरी मात्र बाकावरून उठली नाही.

"खरंच कोणीच नाही ऐकलं, काका? तुम्हाला समजावं म्हणून सगळं भाषण मराठीत बसवलं होतं मी. आरशासमोर उभी राहून."

 काशीरामनी खुर्ची ओढत नेली आणि तिच्यासमोर मांडली.

"आता सांगितलंस तर चालतं गो, बाय?"

"आता अर्ज छापून आलाय. आता कोणालाही सांगता येतं."

"मग सांग."

ती सांगू लागली. महिपत आत येऊन जमिनीवर बसला, मागोमाग मथुराकाकू. काशीराम तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मध्येच त्यांनी हात वर केला.

"तो मधला थर. तो कशाचा असतो?"

ज्ञानेश्वरी चमकली. त्या दिवशी मांडवात एखाद्याने हेच विचारलं असतं, तर आनंदाच्या भरात तिने सगळं सांगून टाकलं असतं आणि आज पेटंट गेलं असतं. हे ती बोलली नाही. तिने बाक पुढे सरकवला.

"तेच सांगते, काका. बघा."